मान, खांदे, कंबर, पोटऱ्या: उपचारात्मक मालिश कशी घ्यावी आणि घरी कशी करावी

गोडी छाटणीनंतर घड सुटले, मणी धरले की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत थिनिंग, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढणं, सुरू होतं. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया मांडवाखाली उभ्या राहतात. हात डोक्याच्या वर, मान मागे झुकलेली, नजर घडावर, बोटांत बारीक कात्री. सकाळी धरलेली ही ठेवण संध्याकाळपर्यंत फारशी बदलत नाही. आठवड्याभरात खांदे भरून येतात, कुशीवर झोपणं नको होतं, केस विंचरायला हात वर जात नाही. नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत लाइनवर दिवसभर उभं राहणाऱ्याची कंबर, पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्याची मान, कॉलेज रोडवरच्या ऑफिसात लॅपटॉपवर वाकून बसणारीचे खांदे, या सगळ्यांची कामं निराळी, पण दुखण्याचं मूळ बरंचसं एकच. स्नायू तासन्‌तास एका ठेवणीत अडकतो आणि त्याला मोकळं व्हायला वेळ मिळत नाही.

अशा दुखण्यावर तेल लावून चोळायचं, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. तालमीत पैलवानांचं अंग रगडलं जातं, बाळंतिणीला रोज तेल लागतं, पायी वारीच्या मुक्कामावर वारकरी एकमेकांचे पाय चेपतात. या लेखात मात्र मी उपचार म्हणून केलेल्या मालिशबद्दल लिहितो आहे. यात आधी दुखणं तपासलं जातं, कोणता स्नायू आखडलाय ते शोधलं जातं, त्याच स्नायूवर ठरवून काम होतं आणि शेवटी हालचाल किती सुधारली ते पाहिलं जातं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगतो की मालिशने दुखणं उतरतं आणि काही तासांची, फार तर दोन-चार दिवसांची सवड मिळते. त्या सवडीत शरीर हलवलं, कामाची ठेवण बदलली, तरच गुण टिकतो. नुसतं पालथं पडून दुसऱ्याकडून रगडून घेणाऱ्याचं दुखणं पुढच्या सोमवारी परत दारात उभं असतं.

शरीराला नेमका काय फायदा होतो

पहिला आणि सगळ्यांत खात्रीचा फायदा म्हणजे वेदना कमी होणं. आपलं कुठे आपटलं की हात आपोआप तिथे जातो आणि आपण चोळतो. चोळल्याने बरं का वाटतं याचं एक स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूपर्यंत पोहोचले की तिथे वेदनेच्या संदेशांना अटकाव होतो आणि मेंदूपर्यंत वेदना कमी पोहोचते. मालिशने जागच्या जागी आराम पडतो त्यात या यंत्रणेचा मोठा वाटा आहे.

दुसरा फायदा आखडलेल्या स्नायूंचा. मानेपासून खांद्यापर्यंत जो जाड स्नायू उतरतो, तो चिमटीत धरून बघा. थिनिंगच्या किंवा मार्चअखेरच्या हिशेबांच्या दिवसांत त्यात ताणलेल्या सुतळीसारखा एक पट्टा बोटांना लागतो. त्या पट्ट्यावर एखादी जागा अशी असते की दाबली की दुखणं तिथे न थांबता कानामागे, कधी थेट कपाळाच्या कडेला जाऊन पोहोचतं. पुष्कळ जण ज्याला अर्धशिशी समजून गोळ्या खात असतात, ती डोकेदुखी कधी कधी या खांद्यातल्या जागेतून आलेली असते. अशा जागांना ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकेच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी शरीरभरातल्या अशा जागांचा आणि त्यांचं दुखणं कुठे-कुठे पसरतं याचा नकाशाच तयार केला. पुढे त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर झाल्या. अशा जागेवर सावकाश, स्थिर दाब दिला की पट्टा सैल पडतो, मान वळायला लागते.

कंबरदुखीचा अनुभव तर घरोघरीचा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये डॉक्टरांना सल्ला दिला की नव्याने उद्भवलेल्या साध्या कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी शेक, मालिश यांसारखे उपाय करून पाहावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांच्या जोडीला मालिशलाही जागा आहे. तिथेही हा आराम थोड्या काळाचा असतो आणि व्यायामाशिवाय तो टिकत नाही, असंच चित्र आहे.

अंगमेहनतीनंतरच्या ठणक्यावरही मालिश काम करते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१२ मध्ये एक छोटा पण नेटका अभ्यास प्रसिद्ध केला. तरुणांना सायकल चालवून पूर्ण दमवलं, मग त्यांच्या एका पायाला दहा मिनिटं मालिश केली आणि दुसरा पाय तसाच ठेवला. दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक नमुने काढून पाहिले, तर मालिश केलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी आढळले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट समोर आली, ती आपल्याकडच्या समजुतीला धक्का देणारी आहे. मालिशने लॅक्टिक अ‍ॅसिड कमी झालं नाही. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर ते स्वतःच निस्तरतं, त्यासाठी रगडावं लागत नाही.

याशिवाय श्वास संथ होतो, मन निवतं, रात्री झोप लागते. जुनाट दुखण्यात झोपेचं मोल फार मोठं आहे, कारण झोप मोडली की वेदना जास्त जाणवते आणि वेदना वाढली की झोप मोडते. हे चक्र एका रात्रीपुरतं तुटलं तरी माणसाला उभारी येते. आयुर्वेदातला अभ्यंगही याच वाटेने जातो. वाग्भटाने अष्टांगहृदय या ग्रंथात रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून चोळणं, करायला सांगितलं आहे, त्यातही डोकं, कान आणि तळपायांवर विशेष भर दिला आहे. अजीर्ण झालेल्याने तो करू नये हेही तिथेच आहे, आणि नेमका हा भाग लोक विसरतात.

आता मालिशच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या काही गोष्टी. मालिशने शरीरातली ‘विषारी द्रव्यं’ बाहेर पडत नाहीत, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. चरबी वितळत नाही. मणक्यातली सरकलेली गादी हाताने दाबून जागेवर बसवता येत नाही. असं सांगणाऱ्याला तुमच्या पाठीला हात लावू देऊ नका.

आधी दुखणं ओळखा

ही पायरी लोक सर्रास गाळतात. दुखलं की तेल, आणि तेल लागलं की रगडणं. पाच मिनिटं द्या आणि स्वतःला काही गोष्टी विचारा.

दुखणं हालचालीने बदलतं का? स्नायूचं दुखणं एका विशिष्ट हालचालीला वाढतं, शेकाने आणि हळूहळू चालण्या-फिरण्याने कमी होतं, आणि बोटाने दाबून ‘हीच जागा’ असं दाखवता येतं. दाबून जागा सापडतच नसेल, अंग कसंही ठेवलं तरी दुखणं तेवढंच राहत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर मूळ दुसरीकडे असू शकतं.

मुंग्या येतात का? मानेतून हाताच्या बोटांपर्यंत किंवा कमरेतून ढुंगणामागून पोटरीपर्यंत झिणझिण्या, विजेसारखी कळ, बधिरपणा असेल तर नस दबलेली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी मालिश अगदीच वर्ज्य नाही, पण आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टची तपासणी हवी.

आणि पुढचं एकही लक्षण असेल तर मालिशचा विचार सोडून सरळ दवाखाना गाठा: लघवी-संडासवरचा ताबा सुटणं किंवा लघवी अडकणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाऊन पाऊल घासत चालणं, दुखण्यासोबत ताप, कारण नसताना वजन घटणं, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. छातीत जडपणा, घाम, आणि डावा खांदा, हात किंवा जबडा दुखणं याला ‘गॅस’ किंवा ‘स्नायू धरला’ म्हणून चोळत बसू नका. ते हृदयाचं असू शकतं आणि तिथे मिनिटं मोजली जातात.

पोटरीबद्दल वेगळं सांगतो, कारण इथे चांगल्या हेतूने चोळणारी माणसंच घात करतात. लांबचा प्रवास, प्लास्टर, ऑपरेशन, बाळंतपण किंवा आठवडाभराचं अंथरूण यांनंतर एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर आतल्या नसेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा पायाला कोणी तेल लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांनी तो पाय पाहावा, गरज पडली तर सोनोग्राफी व्हावी.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, कर्करोगाचे उपचार चालू असतील, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा. ताप, त्वचेवरचा संसर्ग, नागीण, उघडी जखम, फुगलेल्या निळ्या नसा, ताजी मुरगळ आणि सूज यांवर थेट मालिश नको. मुरगळलेल्या घोट्याला पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, बर्फाचा शेक कापडातून आणि पाय उंचावर, एवढंच. त्याच संध्याकाळी ‘लचक काढायला’ नेऊन जोरात चोळलेले घोटे पुढे महिनाभर सुजलेले मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या काहींत हाडाला चीर होती.

मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. दाब जास्त झालाय, पाणी जास्त गरम आहे, हे पायाला कळतच नाही. शेक देण्याआधी पाणी कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्याच्या हाताने तपासावं.

कोणाकडे जायचं

नाशिकमध्ये आज गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत मसाजच्या पाट्या लागलेल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच जागा आरामासाठी आहेत, आणि नुसता थकवा असेल तर तिथे जायला काहीच हरकत नाही. दुखण्यावर उपचार हवा असेल तर मात्र शिकलेला हात हवा. पहिली पसंती फिजिओथेरपिस्टला द्या. त्यांचं शिक्षण आणि महाराष्ट्रातल्या ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. नीट काम करणारा माणूस आनंदाने दाखवतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याकडेच, म्हसरूळला आहे. त्याला जोडलेल्या फिजिओथेरपीच्या महाविद्यालयांचे बाह्यरुग्ण विभाग चालतात. तिथे थोडं थांबावं लागतं, विद्यार्थी हाताळतात, पण वर शिक्षकांची नजर असते आणि खर्च खासगीपेक्षा कमी येतो. आयुर्वेदाच्या वाटेने जायचं असेल तर पंचवटीत गणेशवाडीतल्या आयुर्वेद रुग्णालयासारख्या जागी वैद्यांकडून तपासून मगच अभ्यंग आणि स्वेदन (घाम आणणारा शेक) घ्यावं.

फोन करतानाच दोन प्रश्न विचारा. ‘मालिशच्या आधी तपासणी करता का?’ आणि ‘नंतर घरी करायचे व्यायाम देता का?’ दोन्हींची उत्तरं ‘हो’ आली पाहिजेत. पहिल्याच फोनवर वीस सत्रांचं पॅकेज आगाऊ पैशांनी घ्यायला लावणारी जागा सोडून द्या. स्त्रियांना स्त्री थेरपिस्ट हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा, सोबत घरचं माणूस खोलीत थांबू द्या म्हणा. हे तुमच्या हक्काचं आहे.

सलूनमधल्या मान मोडण्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. दाढी-कटिंगनंतर डोक्याची चंपी होते, ती छान. पण त्याच झटक्यात हनुवटी धरून मान कडकन वळवली जाते, ती मुकाट्याने करून घेऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या रोहिण्या मानेतून जातात आणि झटक्याने त्यांच्या आतल्या थराला चीर जाऊ शकते. त्यातून तरुण माणसालाही पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. ‘मान नको’ एवढे दोन शब्द खुर्चीत बसतानाच सांगून टाका.

पहिल्या सत्रात काय व्हायला हवं

थेरपिस्टने आधी तुमचं काम विचारलं पाहिजे. दिवसातले किती तास उभे, किती बसून, हात वर की खाली, मोबाइल कोणत्या हातात, उशी किती जाड. मग मान, खांदा, कंबर वळवून-वाकवून बघितली पाहिजे आणि कुठवर जाते ते लिहून ठेवलं पाहिजे. औषधं, जुनी ऑपरेशनं, साखर, रक्तदाब हेही यात आलं. यात दहा-पंधरा मिनिटं जातात आणि ती वाया जात नाहीत.

प्रत्यक्ष मालिशची सुरुवात हलक्या, लांब हातांनी होते. त्याने अंग गरम होतं आणि थेरपिस्टच्या बोटांना कुठे कडकपणा आहे ते कळतं. मग स्नायू धरून पिळल्यासारखे मळणं, मग नेमक्या जागेवर अंगठ्याने किंवा कोपराने स्थिर दाब, कुठे स्नायूच्या आडवं घर्षण, आणि मधूनमधून तुमच्याच हालचालीची मदत घेऊन ताणणं. शेवटी परत हलका हात.

दाबाबद्दल आपल्याकडे एक हट्ट आहे की जितकं दुखेल तितका गुण. टेबलावर दात-ओठ खाऊन सहन करणारी माणसं मी रोज पाहतो. स्नायूला फार जोर लागला की तो बचावासाठी आणखी आवळतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. दहापैकी पाच-सहा एवढं दुखावं, ‘दुखतंय पण बरं वाटतंय’ अशा जातीचं. तुमचा श्वास रोखला गेला, मुठी आवळल्या गेल्या की दाब जास्त झाला असं समजा आणि तोंडाने सांगा. दुसऱ्या दिवशी अंगावर काळे-निळे डाग उठले तर ती चांगल्या मालिशची खूण नव्हे, आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्याची आहे.

घरी करायचं ते: खांदा आणि मान

तेल कोणतं यावर फार वाद घालू नका. तीळतेल चांगलं, खोबरेलही चालतं. निफाडकडच्या थंडीत खोबरेल बाटलीतच थिजतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ करा, थेट गॅसवर नको. तेलाचं काम घर्षण कमी करण्याचं आहे, औषध म्हणून त्याच्याकडून फार अपेक्षा नको. नवीन तेल असेल तर आधी मनगटाजवळ थोडं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा.

संध्याकाळी अंघोळीनंतर किंवा दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेकून झाल्यावर खुर्चीत टेकून बसा. डावा खांदा दुखत असेल तर डावा हात मांडीवर किंवा उशीवर ठेवा, म्हणजे त्याचं वजन खांद्यावर लोंबकळणार नाही. हे छोटंसं वाटतं, पण हात लोंबकळता ठेवून कितीही चोळलं तरी तो स्नायू सुटत नाही.

उजव्या हाताची चार बोटं खांद्याच्या मागच्या बाजूला आणि अंगठा पुढे, असा तो जाड स्नायू धरा. मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकाकडे हळूहळू मळत जा, दोन मिनिटं. मध्येच तो ताठ पट्टा आणि त्यावरची दुखरी जागा लागेल. तिथे थांबा. चिमटीत धरून स्थिर दाब द्या, दुखणं पाच-सहावर आलं की जोर वाढवायचा नाही. सावकाश श्वास सोडत राहा. वीस-तीस सेकंदांत दुखणं निम्म्यावर येतं, बोटांखाली स्नायू मऊ झाल्यासारखा लागतो. तसं नाही झालं तर जोर न करता दाब सोडा, अर्धं मिनिट थांबा, परत एकदा करा. एका जागेला तीनदा पुरे.

त्यानंतर दोन्ही हातांची बोटं कवटीच्या खालच्या कडेला, मानेच्या मागे लावा. मधलं हाड सोडून दोन्ही बाजूंना लहान-लहान गोल फिरवा, मिनिटभर. मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाला, जिथे नाडी लागते तिथे, अजिबात दाबू नका.

आता हालचाल, लगेचच. मान सावकाश उजवीकडे-डावीकडे वळवा, दोन्हीकडे पाच वेळा. खांदे कानाकडे उचलून मागून गोल खाली आणा, दहा वेळा. मग दाराच्या चौकटीत उभं राहून दोन्ही कोपरं चौकटीला टेकवा आणि एक पाऊल पुढे टाका, छाती ताणली जाईल. तीस सेकंद, तीनदा. मालिश करून हे गाळणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की वेळ कमी असेल तर मालिश अर्धी करा, पण हे पूर्ण करा.

बागेत काम करणाऱ्यांसाठी याहूनही महत्त्वाचं म्हणजे मधले थांबे. अर्ध्या-पाऊण तासाने हात खाली सोडून दहा वेळा खांदे फिरवायचे, हनुवटी छातीकडे आणायची. टोळीच्या मुकादमाने हे एकदा लावून दिलं की सगळ्या बाया एकत्र करतात आणि कामही अडत नाही. उंची कमी असलेल्या बाईला पाट किंवा रिकामं क्रेट उलटं टाकून पक्कं उभं राहायला दिलं तर हात खांद्याच्या फार वर जात नाहीत.

कंबर

कमरेला स्वतःचा हात पुरत नाही, म्हणून टेनिसचा चेंडू घ्या. भिंतीकडे पाठ करून चेंडू मणक्याच्या बाजूला, हाडावर नव्हे, मांसल भागात ठेवा आणि गुडघे किंचित वाकवून वर-खाली सरका. ढुंगणाच्या वरच्या-बाहेरच्या भागात चेंडू ठेवून तिथेही बघा. कंबरदुखीचं मूळ अनेकदा तिथे निघतं आणि लोक कंबरच चोळत बसतात. एका बाजूला दोन-तीन मिनिटं. चेंडूवर जमिनीवर आडवं होऊ नका, सगळं वजन पडून दाब जास्त होतो.

दुसऱ्याकडून करून घ्यायचं असेल तर पोटाखाली पातळ उशी घेऊन पालथं झोपा. करणाऱ्याने मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तळहाताच्या टाचेने खालून वर जायचं, मणक्यावर थेट दाबायचं नाही. लहान मुलाला पाठीवर उभं करून चालवण्याची पद्धत अजून घरोघरी आहे. तरुण, धडधाकट माणसाला ती खपून जाते, पण साठीच्या पुढे हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, तिथे ती बंदच करावी.

उसण भरली असेल, म्हणजे वाकताना एकदम धरलं असेल, तर पहिल्या दिवशी खोल दाब नको. शेक घ्या, गुडघ्यांखाली उशी ठेवून उताणं पडा, पण दिवसभर झोपून राहू नका. दर तासाला घरातल्या घरात चार फेऱ्या मारा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हलकी मालिश, मग उताणं झोपून एकेक गुडघा छातीकडे, मग दोन्ही पाय टेकून ढुंगण उचलणं, दहा वेळा. चालणं हे कमरेचं सगळ्यांत स्वस्त औषध आहे. गोदाकाठचा सपाट रस्ता त्याला पुरेसा आहे.

पोटऱ्या आणि तळवे

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करून आलेल्यांच्या किंवा सप्तशृंगीच्या पायऱ्या चढून-उतरून आलेल्यांच्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी लाकूड झालेल्या असतात. दोन्ही पाय सारखे दुखतायत, सूज नाही, तर बिनधास्त मालिश करा. घोट्याकडून गुडघ्याकडे, हृदयाच्या दिशेने, हलका हात. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात दाबायचं नाही, तिथून मोठ्या नसा जातात. नंतर भिंतीला हात लावून एक पाय मागे, टाच जमिनीवर, तीस सेकंद ताण. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन थर आहेत आणि दोघांना वेगळा ताण लागतो.

टाच सकाळी पहिल्या पावलाला दुखत असेल तर पाण्याची छोटी बाटली गोठवून, वर फडकं गुंडाळून तिच्यावर तळवा पाच मिनिटं फिरवा. साखरेमुळे पाय बधिर असलेल्यांनी बर्फाचं हे करू नये.

नंतरची काळजी, आणि किती वेळा

खोल मालिशनंतर एक-दोन दिवस अंग थोडं ठणकू शकतं. त्याहून जास्त टिकलं तर पुढच्या वेळी दाब कमी करायला सांगा. मालिश झाल्यावर टेबलावरून एकदम उठू नका, रक्तदाब खाली आलेला असतो, चक्कर येते. कुशीवर वळून, बसून, मग उभं राहा. तहानेप्रमाणे पाणी प्या. लगेच जिममध्ये जाऊन जड वजन उचलू नका, आणि पुढे मुंबईची ड्रायव्हिंग ठरवून ठेवू नका.

ताज्या, साध्या दुखण्याला दोन-तीन सत्रं पुरतात. जुनाट दुखण्याला आठवड्यातून एक-दोनदा, तीन-चार आठवडे, ही व्यवहारातली रीत. मानेच्या जुनाट दुखण्यावर अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार आठवड्यांत वेगवेगळी मात्रा देऊन पाहिली. आठवड्यातून दोन-तीनदा तास-तासभर मालिश घेतलेल्यांना चांगला फरक पडला, अर्ध्या तासाच्या सत्रांचा फारसा उपयोग दिसला नाही. म्हणून पैसे मोजके असतील तर महिनाभर तुरळक अर्धा-अर्धा तास घेण्यापेक्षा सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत पूर्ण तासाची सत्रं जवळजवळ घ्या, आणि मग घरच्या व्यायामावर या.

एका वहीत रोज दोन ओळी लिहा: दुखणं दहापैकी किती, मान किंवा कंबर कुठवर वळते, रात्री किती वेळा जाग आली, आज किती चाललात. चौथ्या सत्रापर्यंत या आकड्यांत काहीच हललं नसेल तर पाचव्या सत्राचे पैसे भरू नका. तीच वही, चालू औषधांची यादी आणि आधीचे एक्स-रे घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा, आणि दुखणं कोणत्या हालचालीला वाढतं ते त्यांना करून दाखवा.